एका घरात दोन परीक्षा

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी, दूधवाले, इस्त्रीवाले आणि वेळीअवेळी बेल वाजवणारे सर्व लहानथोर यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या दादाच्या घरी बारावी आली आहे. तिचा मुक्काम मार्च संपेपर्यंत राहील. या काळात त्या घरात कुणीही हसू नये. शिंकायचंच झालं तर जिन्यात जाऊन शिंकावं. आणि आठवड्यानं नळाला पाणी आलंच, तर 'पाणी आलं, पाणी आलं' असा हर्ष मोठ्यानं व्यक्त करू नये. हुकमावरून.

हा जाहीरनामा माझा. दादानं आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जो खरा मेसेज टाकला, तो याहून फार निराळा नव्हता. "सईची बारावी आहे. प्लीज मार्चपर्यंत घरी येणं टाळा. आईला भेटायचं असेल तर चार ते साडेचार." सई म्हणजे दादाची मुलगी. आणि आई म्हणजे माझी, ताईची आणि दादाची आई, जी ऐंशीच्या घरात आहे आणि दादाकडे राहते. या वयात तिला भेटीच्या वेळा लागल्या. दवाखान्यातल्या पेशंटला असतात तशा. किंवा जेलमधल्या.

पूर्वी घरात गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा टहाळा लावत, फोडणी बंद ठेवत, बाहेरच्या माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवत. आता गोवराची लस निघाली. बारावीची अजून निघायची आहे.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हे सगळं मला दरवर्षी पुढच्या रांगेत बसून पाहायला मिळतं. पालकसभेत बाप छाती फुगवून सांगतात, "मॅडम, घरात एकदम वातावरण ठेवलंय." मी मान डोलावते आणि खोडसाळपणे विचारते, "छानच. मग बाकीचे श्वास घ्यायला कुठं जातात?" हसतात बिचारे. त्यांना वाटतं, मॅडम विनोदी आहेत.

फेब्रुवारी उतरणीला लागला की आमच्या शहरावर एक पिवळट उजेड पडतो. लिंबाची वाळली पानं दुपारच्या वाऱ्यावर रस्त्याच्या कडेनं खरखरत पळतात. थंडीनं सामान बांधलेलं असतं, पण उन्हानं अजून पूर्ण बिऱ्हाड मांडलेलं नसतं. झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरांचे घोळके उभे राहतात आणि बाप मंडळी पोरांना स्कूटरवर मागं बसवून आदल्या दिवशी केंद्र दाखवून आणतात, जणू पोरगं सकाळी वाट चुकून खुलताबादला पोचणार आहे. शहराचं नाव बदललं, निम्म्या रस्त्यांची रुंदी बदलली, उजेड तोच राहिला. तो पडला की मी पन्नाशीतली बाई सहावीत जाऊन उभी राहते. शहागंजात, आमच्या भाड्याच्या घरात.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी होती, नंतर कारकुनी आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत होते. त्या वर्षी या दोन खोल्यांत दोन बोर्डाच्या परीक्षा आल्या. दादा दहावीला होता आणि त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी ताई बारावीला.

दादा वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त पुस्तक उघडलं की झोप यायची आणि मिटलं की भूक लागायची. सहामाहीत तो गणितात आणि सायन्समध्ये गेला होता. 'गेला' हा शब्दसुद्धा आमच्याकडे दार लावून उच्चारला गेला. मग घरानं कंबर कसली. पुढची खोली दादाला मिळाली. घरातलं एकुलतं टेबल, एकुलता पंखा आणि एकुलता टेबललॅम्प तिकडं गेले. टीव्हीला आईनं जुनी चादर गुंडाळली आणि वर परकराच्या नाडीनं अशी गाठ मारली की तो पळून जाईल की काय अशी भीती असावी. कुकरची शिट्टी काढून कपाटात ठेवली आणि वरण पातेल्यात शिजू लागलं. दादाच्या डोक्याला ब्राह्मीचं तेल, पोटाला भिजवलेले बदाम. बदाम मोजकेच असत, म्हणून मी फक्त वाटी धुवायच्या वेळी त्यांचा वास घेत असे. मला पाठांतर मोरीत करायचा हुकूम झाला. माझा आवाज तेव्हापासूनच नाटकी. मी मोरीत बादलीवर उभी राहून कविता म्हणायची आणि मोरी मला दाद द्यायची, घुमून घुमून.

पण खरी मजा अप्पांची. अप्पांनी शांतता मागितली. कुठं? शहागंजात! जिथं दिवस उजाडायच्या आत भाजीच्या गाड्या ओरडायला लागतात, जिथं कपड्याच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक समोर उभं असतानाही पलीकडच्या फुटपाथवरच्याला हाका मारतो, तिथं अप्पा धोतराचा सोगा सावरत गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विनवायचे, "जरा हळू हो, आमच्या मुलाची दहावी आहे." आणि कमाल म्हणजे लोक ऐकायचे. भांड्यांना कल्हई लावणारा एक जण रोज गल्लीतून जायचा. तो आमच्या घराजवळ आला की आवाज खाली आणून, कानात गुपित सांगावं तसा पुटपुटायचा, "भांड्याला कल्हई... भांड्याला कल्हई..." आणि आमचं दार ओलांडलं की पुन्हा गगनभेदी. आई म्हणायची, "किती समजदार माणूस आहे!" मी खिडकीतून तोंडावर हात ठेवून हसायची.

एवढ्या शांततेत ताईची बारावी स्वयंपाकघरात बसली होती.

ती पोळ्या लाटायची तेव्हा तिचं केमिस्ट्रीचं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं असायचं. पान उलटायला ती करंगळी वापरायची, कारण बाकीची बोटं पिठाची. त्या पुस्तकाच्या कार्बनी रसायनाच्या भागावर हळदीचे ठसे होते. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला औषधं बनवायची होती. चौकातल्या दवाखान्यात कंपाउंडर गुलाबी मिश्रण बाटलीत ओतायचा आणि बाटलीला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. ताप आमच्यापैकी कुणालाही आलेला असो, बाटली आणायला ताई जायची आणि तासभर परत यायची नाही. त्या बाटलीत काय आहे, असं ती त्याला विचारत बसायची. फार्मसीला जायचं तर बारावीला चांगले मार्क हवेत, हे तिला पाठ होतं आणि मार्क मिळणार, हे तिच्या कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांना.

संध्याकाळी ती हात धुऊन पुढच्या खोलीत जायची आणि दादाला भूमिती शिकवायची. ती वेळ तिच्या अभ्यासाची होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईलाही शिकवायला आवडायचं. अडचण तिथंच असते. आवडीनं केलेलं काम घराला दिसत नाही.

हॉल तिकिटं आली, तेव्हा आईनं दोन्ही देवापुढं ठेवली आणि दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं. त्याच रविवारी खुलताबादहून आत्या आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. ती आली की घरभर पेरूचा वास सुटायचा. पिशवीत वर पेरू आणि खाली, कागदाच्या पुडीत, भद्रा मारुतीचा शेंदूर. दादाच्या कपाळाला तो लावून ती देवाकडं वळली आणि थबकली.

"ही दोन कशाची रे?"

"एक दादाचं, एक ताईचं," मी पेरू खात सांगितलं.

"दोघांची बी याच महिन्यात?" आत्या पाटावर बसली. "अगं बाई! एका घरात सहा महिन्यांत दोन कार्यं करत नाय, ठावं नाय का तुम्हाला? एकाचं यश दुसऱ्याला जातं. लई घरं पाहिली मी."

अप्पा हसले. "अक्का, हे काय लग्न-मुंज आहे का? सरकारी परीक्षा आहे."

"व्हय? मग हळदकुंकू कशाला वाहिलं तिला? कार्य नाय तर देवापुढं कशाला मांडलं?"

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर, पुरावा समोर होता. हळदीकुंकवासकट.

आत्या संध्याकाळच्या एस.टी.नं गेली. पेरूचा वास दोन दिवस राहिला आणि तिचं बोलणं त्याहून जास्त. अप्पा शिकलेले होते. यशापयश एका ताटातून दुसऱ्या ताटात सांडतं, असं कबूल करणं त्यांना जड गेलं असतं. म्हणून त्यांनी त्याच गोष्टीला इंग्रजी कपडे घातले. बुधवारी कचेरीतून आल्यावर चपला काढता काढता ते म्हणाले, "ताई, तू यंदा ड्रॉप घे."

ड्रॉप! त्या काळी हा मोठ्या घरांतला शब्द होता. मेडिकलला जाणारी डॉक्टरांची मुलं ड्रॉप घ्यायची. आमच्या गल्लीत तो पहिल्यांदाच आला होता.

ताईच्या हातात लाटणं होतं. "अप्पा, माझा अभ्यास झालाय."

"म्हणूनच म्हणतोय ना बेटा. झालेला अभ्यास कुठं पळून जातोय? पुढच्या वर्षी आणखी पक्का होईल. त्याचं तसं नाही. त्याला यंदा सगळं घर लागणार."

"मी काय मागितलंय घराला?"

अप्पा चपला कोपऱ्यात सारत राहिले. ताई आईकडं वळली. "आई, तू तरी बोल."

आई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "तुझे अप्पा तुझं वाईट करतील का?"

एवढंच. ना आदळआपट, ना रडारड. ताई तीन-चार दिवस जेवायला सगळ्यांच्या नंतर बसली आणि मग आमच्याबरोबर बसायला लागली.

शेजारच्या आपांना मात्र राहवलं नाही. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई, रोज दुपारी मागच्या दारात आईशी गप्पा मारायच्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भाभी, एक घर में दो शादियाँ नक्को, वो तो समझी मैं. इम्तेहान बी नक्को?" आई हसली. आपाही हसल्या. मागच्या दारातल्या गोष्टी हसण्यावारी नेलेल्या बऱ्या असतात. पुढच्या दारापर्यंत त्या पोचत नाहीत.

बारावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी ताई नेहमीपेक्षा लवकर उठली. नहाली, घट्ट वेणी घातली, कॉलेजात घालायचा निळा ड्रेस घातला. मला वाटलं, जाते आता ही. मी तर मनात टाळ्याही वाजवल्या. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि कणीक मळायला घेतली. आमच्या गल्लीमागं एक शाळा होती, तिथं केंद्र होतं. घंटा झाली. आमच्या घरात इतकी शांतता राखलेली होती, की ती घंटा स्वयंपाकघरात टांगल्यासारखी ऐकू आली. लाटणं पोळीवर थांबलं. पोळीच्या कडा कोरड्या व्हायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, "ताईऽ, ते वर्तुळाचं पुन्हा एकदा सांग ना गं!"

ताईनं हात पुसले आणि गेली.

त्या सकाळी तिनं स्पर्शिका अशी शिकवली की दाराआड उभ्या असलेल्या सहावीतल्या मलासुद्धा ती कळली. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते आणि आत न शिरता तशीच पुढं निघून जाते, ती रेषा. मी आज मराठी शिकवते, तरी भूमितीतली एवढी एक व्याख्या मला झोपेतून उठवून विचारा.

जूनमध्ये दादा सेकंड क्लासमध्ये पास झाला. टीव्हीची चादर सुटली, शिट्टी कुकरवर परत बसली. अप्पा गल्लीत इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की कल्हईवाल्यालाही दचकायला व्हावं.

आणि पुढचं वर्ष आलं. ताईचं हक्काचं, एकटीचं, ज्यात दुसरी कुठलीच परीक्षा नव्हती. दिवाळीनंतर जालन्याहून स्थळ आलं. बियाण्यांचं दुकान, निर्व्यसनी मुलगा, माणसं साधी. लग्न वैशाखात ठरलं. आता वैशाखातलं लग्न आणि त्याच्या तोंडावर आलेली परीक्षा, म्हणजे पुन्हा एका घरात दोन कार्यं! नियमाची मोठी सोय असते. एकदा केला की पुढच्या वेळी डोकं चालवावं लागत नाही. या खेपेला आत्याला यावंही लागलं नाही. सगळ्यांनी आपापसांतच ठरवलं की परीक्षा काय, लग्नानंतरही देता येते. सासरचे तर आनंदानं हो म्हणाले. मग पुतणे झाले, मुलं झाली, दुकान वाढलं. भावोजी भला माणूस आहे, त्याच्याविषयी माझी एका शब्दाची तक्रार नाही. ताई आजही दुकानाच्या गल्ल्यावर बसते आणि घरात कुणी आजारी पडलं की गोळ्यांच्या पट्टीमागची मुंगीएवढी अक्षरं चष्मा कपाळावर ढकलून आधी वाचून काढते.

माझ्या दहावीपर्यंत घर दमलं होतं. मी टीव्हीसमोर बसून अभ्यास केला आणि बरे मार्क पाडले. कुणी बदाम भिजवले नाहीत, कुणी अडवलंही नाही. दुर्लक्षासारखी मोकळी जागा नाही, हे मी तेव्हा शिकले आणि अजून वापरते आहे.

भाषणांतून सांगतात की घर ही मुलाची पहिली शाळा. मीही सांगते, मला मानधनात शाल मिळते. पण त्या शाळेत काय शिकवतात, हे कुणी विचारत नाही. दादा शेंद्र्याला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला. तो केबिनमध्ये आला की माणसं आवाज खाली आणतात, आणि त्याला यात काही नवल वाटत नाही. पंधराव्या वर्षी अख्ख्या शहागंजानं त्याच्यासाठी आवाज खाली आणला होता. ताईला अजूनही कुणी अर्ध्यातून हाक मारली की ती हातातलं ठेवून जाते. एकाच छताखाली, एकाच पातेल्यातलं वरण खाऊन, दोन मुलं दोन वेगळ्या शाळांत शिकत होती. मी तिसऱ्या. मोरीत.

परवाच्या रविवारी ताई जालन्याहून आली, सईला शुभेच्छा द्यायला. आम्ही दोघी ठरलेल्या वेळेत, बरोब्बर चार वाजता, दादाच्या दारात हजर झालो. आई हॉलमध्ये मटार सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून या मौनाच्या घरात एकटी तीच मोठ्यानं बोलते, आणि तिला कुणी काही म्हणू शकत नाही. सई पाणी प्यायला बाहेर आली, तेवढ्यात दादानं तिला धरलं.

"बघ सई, घरातलं वातावरण फार महत्त्वाचं. मी काही हुशार नव्हतो. पण आमच्या घरानं माझ्यासाठी काय केलं, विचार तुझ्या मोठ्या आत्याला. हिनं माझ्या दहावीसाठी चक्क एक वर्ष ड्रॉप घेतला होता!" त्याचा आवाज खरंच भरून आला. दादाला रडू येतं. तेवढं त्याचं मला आवडतं.

सईनं ताईकडं कौतुकानं पाहिलं. "वॉव, मोठी आत्या! मग पुढच्या वर्षी किती पडले तुला?"

"पुढच्या वर्षी माझं लग्न झालं."

"नाही, म्हणजे बारावीला?"

"दिलीच नाही गं."

सई ग्लास हातात धरून उभी राहिली. सतरा वर्षांच्या मुलीला हिशेब पटकन कळतात. तिनं बापाकडं पाहिलं. दादा आईच्या शेजारी, तिच्या कानालगत येऊन टेकला.

"आमची एक आत्या होती ना खुलताबादला, तिनं खोडा घातला. एका घरात दोन परीक्षा नकोत म्हणाली. जुनी माणसं बेटा, अंधश्रद्धा. अप्पांचा नाइलाज झाला."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडं इतक्या वर्षांची वाक्यं घोटून ठेवलेली आहेत, हावभावांसकट. पण मटाराची शेंग सोलायचा आवाज थांबला होता.

"वन्संना कशाला बोल लावता?" आई म्हणाली. "मेलेल्या माणसावर घालू नये. निरोप धाडून त्यांना मीच बोलावलं होतं. काय बोलायचं तेही मीच सांगितलं होतं."

"आई!" ताई म्हणाली.

आईनं आम्हा सगळ्यांकडं वैतागून पाहिलं, एवढी शिकलेली माणसं आणि इतकी साधी गोष्ट कळू नये म्हणून, आणि बंद दारांच्या, श्वास रोखलेल्या त्या घरात ठणठणीत आवाजात बोलली,

"अगं, दोघांचे निकाल एकाच महिन्यात लागायचे होते! ही पहिल्या नंबरात आली असती न् हा नापास झाला असता, तर पेढे कुठल्या तोंडानं वाटले असते आम्ही?"